गोवराची नोंद आणि सीमेवरची गावे
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



शंभर वर्षे चाललेल्या ग्रंथालयात जुन्या ग्रंथांइतकेच मोल दाखल-नोंदवहीला असते. कोणते पुस्तक कधी आले, कोणाकडे गेले, परत आले की नाही, हे ती वही सांगते. नोंद न झालेले पुस्तक कपाटात असूनही वाचकाच्या लेखी नसल्यासारखेच. रोगाच्या बाबतीत हे बेहिशेबीपण फार महाग पडते, कारण नोंद न झालेला रोगी दुसऱ्याला रोग देण्याचे थांबत नाही. गोवर आणि रुबेला या दोन आजारांची देशभर नोंद कशी ठेवली जाते, हा या भाषणाचा विषय आहे. आणि तो पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींच्या अंगाने मांडावयाचा आहे.

पांढुर्णा-सौंसर ही नावे कित्येकांना सोयरिकीमुळे ठाऊक असतात, कित्येकांना संत्र्यांमुळे, आणि उरलेल्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तोवर नागपूर ही राजधानी होती. एका रात्रीत ते परराज्यातले शहर झाले. घरातली भाषा, सोयरीक, बाजार आणि दवाखाना मात्र नागपूर, काटोल, नरखेड, वरूड, सावनेर याच दिशेला राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिली छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. कचेरी जवळ आली; कारभाराची भाषा हिंदीच राहिली.

भाषेचा मुद्दा येथे शोभेसाठी काढलेला नाही. रोगाची नोंद आईच्या तोंडच्या शब्दापासून सुरू होते. आई म्हणते, ‘पोराला गोवर निघाला.’ कागदावर रकाना असतो ‘खसरा’ या नावाचा. मध्य प्रदेशातल्या कास्तकाराच्या लेखी खसरा म्हणजे शेताच्या नोंदीचा कागद; सीमेपलीकडे सातबारा जे काम करतो, ते काम करणारा. तेव्हा ‘घरात खसरा आहे का’ असे नव्याने बदलून आलेल्या कर्मचाऱ्याने विचारले आणि बाईने पटवाऱ्याकडे बोट दाखवले, तर तिला हसण्यात अर्थ नाही. शिवाय गोवर, कांजण्या, उष्णतेचे पुरळ या सगळ्यांना ‘आई आली’ किंवा ‘माता आली’ असे एकच नाव घेणारी घरेही आहेत. ती माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांच्या वर्गीकरणात रोगापेक्षा आदराला अधिक जागा आहे, इतकेच.

गोवराची सुरुवात साध्या पडशासारखी होते. ताप, नाक गळणे, खोकला, लाल डोळे. गालाच्या आतल्या बाजूस मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके, ज्यांचे वर्णन न्यूयॉर्कचे बालवैद्य हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये केले. आणि मग कानामागून, कपाळावरून खाली उतरत जाणारे लाल पुरळ. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत रोगी हा रोग पसरवू शकतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांना लागण होते, असे सामान्यतः मानले जाते. नागपूर-वऱ्हाडाकडल्या घरांत अशा वेळी दाराशी कडुनिंबाचा डहाळा लावतात, फोडणी बंद करतात, परक्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. या रीतीला नुसती अंधश्रद्धा म्हणणे उतावळेपणाचे होईल, कारण तिच्यात विलगीकरणाचे शहाणपण आहे. दोष एवढाच की ती पुरळ दिसल्यावर सुरू होते आणि तोवर रोग शेजारच्या अंगणात पोचलेला असतो. दुसरे असे की, परक्या माणसात नर्सबाईही मोडते.

जुन्या मध्यप्रांतात गावच्या जन्म-मृत्यूची वर्दी कोतवाल पोलीस ठाण्यात नेऊन देई. पटकी, देवी आणि प्लेग यांचे मृत्यू वेगळे दाखवले जात; गोवराने गेलेले मूल बहुधा ‘ताप’ नावाच्या त्या अफाट रकान्यात जमा होई. बिचाऱ्या कोतवालाकडून याहून अधिक निदानाची अपेक्षाही नव्हती. पण हा घोटाळा केवळ अक्षरशत्रू कोतवालाचा नव्हे, गोवराच्या स्वभावाचाही आहे. गोवर स्वतः क्वचित मारतो. त्यामागून येणारी न्यूमोनिया आणि हगवण मारते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर दाखवून दिले की, पूर्वी होऊन गेलेल्या अन्य रोगांविरुद्ध शरीराने कमावलेल्या प्रतिपिंडांचा मोठा हिस्सा गोवर पुसून टाकतो. गोवरातून उठलेले मूल काही महिन्यांनी दुसऱ्याच आजाराने दगावते, तेव्हा त्याच्या मृत्यूच्या कागदावर गोवराचे नाव नसते.

गोवराची शिस्तबद्ध मोजदाद कशी करावी याचा पहिला मोठा धडा एका दूरच्या द्वीपसमूहाने दिला, आणि तो थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १७८१ नंतर गोवर आलाच नव्हता. १८४६ मध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो आला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० हून अधिक माणसे आजारी पडली. डेन्मार्क सरकारने पाठवलेला पीटर पानुम हा पंचविशीतला डॉक्टर होडीतून गावोगाव फिरला. त्याच्याजवळ सूक्ष्मदर्शकही कामाचा नव्हता. विषाणू ही कल्पनाच अजून जन्मली नव्हती. त्याने प्रत्येक गावात दोनच गोष्टी बारकाईने विचारल्या : पुरळ कोणत्या दिवशी उठले, आणि त्याआधी बाहेरचा माणूस कोणत्या दिवशी भेटला. एकाकी गावांतील तारखा त्याने शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा संपर्क आणि पुरळ यांत तेरा-चौदा दिवसांचे अंतर सगळीकडे सारखे निघाले. १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले म्हातारे मात्र पासष्ट वर्षांनंतरही आजारी पडले नाहीत. एकदा झाला की जन्माची सुटका, हे आजीबाईंचे मत तारखांनी सिद्ध झाले. आजच्या तपासणी अर्जातही पानुमचे ते दोन प्रश्न जसेच्या तसे आहेत.

लस आली ती १९६३ मध्ये. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ पासून दिली जाऊ लागली, दुसरी मात्रा २०१० पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर व रुबेला यांच्या एकत्रित लसीची मोठी मोहीम कर्नाटक, तमिळनाडू, गोवा आदी ठिकाणांपासून निघाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील सर्व मुलामुलींसाठी. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये पोचली, मध्य प्रदेशात जानेवारी २०१९ मध्ये. म्हणजे नरखेडच्या शाळेत मुलांचे दंड दुखत होते, तेव्हा चार कोसांवरच्या शाळेत मोहिमेची चाहूलही नव्हती. विषाणूला अर्थात हे वेळापत्रक कोणी कळवले नव्हते.

लस किती टोचली हे मोजणे सोपे असते. कुप्या मोजल्या की झाले. रोग किती उरला हे मोजण्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. ती भारताला पोलिओने दिली. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पोलिओ निरीक्षणाचे राष्ट्रीय जाळे उभारले गेले, जानेवारी २०११ मध्ये देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण हावडा जिल्ह्यात सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. तेच जाळे पुढे गोवर-रुबेलाच्या कामाला जुंपले. त्या जाळ्यात सरकारी दवाखाने होते, तसे खाजगी डॉक्टर होते आणि गावातले वैदू-भगतही होते. छिंदवाड्याच्या डोंगरपट्ट्यातला भुमका आजारी मुलाला डॉक्टरच्या आधी पाहतो, हे ज्याने ओळखले त्याला अर्धे काम साधले असे म्हणावयास हरकत नाही.

आरंभी साथ उद्भवली तरच नमुने घेतले जात. आता रीत बदलली आहे. ताप आणि अंगावर पाणी न धरणारे लाल पुरळ असलेला प्रत्येक रोगी संशयित मानावयाचा, गोवर वाटो वा न वाटो. खबर मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत घरी जाऊन चौकशी करावयाची, पुरळ उठल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत रक्ताचा नमुना घ्यावयाचा, तो बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पाठवावयाचा. तेथे आधी गोवराच्या प्रतिपिंडांची तपासणी होते. ती नकारार्थी आली की त्याच रक्तात रुबेला शोधतात. घशातल्या नमुन्यावरून विषाणूचे कूळ कळते आणि रोग इथलाच की बाहेरून आलेला, याचा माग लागतो. मुलाला वयानुसार ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा सलग दोन दिवस द्यावयाच्या. त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचण्यास मदत होते. आईला रक्ताच्या नमुन्याचे महत्त्व पटो न पटो, या थेंबांचे पटते.

या सगळ्या पद्धतीतली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे शून्याची वागणूक. प्रत्येक नोंदणी-केंद्राने आठवड्याला अहवाल पाठवावयाचा, एकही रोगी नसेल तर ‘शून्य’ असे लिहून पाठवावयाचा. कोरा कागद आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे : शून्य म्हणजे शोधले आणि सापडले नाही, कोरा म्हणजे शोधलेच नाही. पण लिहिलेल्या शून्यावरही विश्वास ठेवावयाचा नाही, असे या शास्त्राचे म्हणणे आहे. ताप-पुरळ तर गोवराशिवाय दुसऱ्या डझनभर कारणांनी येते. म्हणून दर लाख वस्तीमागे वर्षाला किमान दोन संशयित असे सापडले पाहिजेत की, ज्यांची तपासणी होऊन गोवरही नाही आणि रुबेलाही नाही असे सिद्ध झाले. पांढुर्ण्यासारख्या साडेतीन-चार लाख वस्तीच्या जिल्ह्यात असे सात-आठ नकारार्थी निकाल वर्षभरात हाती नसतील, तर तेथे गोवर नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. जो जिल्हा अगदीच गप्प, त्याच्याकडे आधी जावयाचे. न्यायालयात मौन ही संमती असेल. येथे ते संशयाचे कारण आहे.

आता सीमेवर काय होते ते पाहावयास हवे. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. पांढुर्ण्याची सून काटोलला बाळंत होते. बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी महाराष्ट्रात होतात, कार्ड मराठीत मिळते. बाळ पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर ती सासरी परतते, आणि गोवर-रुबेलाची पहिली मात्रा तर नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते. काटोलची नर्सबाई समजते, बाळ सासरी गेले. सासरच्या नर्सबाईच्या यादीत ते कधी आलेच नाही. दोन्ही वह्या आपापल्या परीने बरोबर असतात आणि मूल लसीवाचून राहते. दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. तोवर घरातल्या सर्वांचा समज झालेला असतो की, बाळाला ‘सगळे डोस’ देऊन झाले. अलीकडे यू-विन ही राष्ट्रीय संगणकीय नोंदणी आली आहे, तिने हा सांधा जुळावा. पण संगणकालाही प्रथम कोणीतरी बाळाचे नाव सांगावे लागते.

उलट दिशेने आजारी मूल जाते. पुरळ उठून दम लागला की सौंसरचे कुटुंब नागपूरची वाट धरते. रस्ता सोयीचा, भाषा घरची, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय पिढ्यानुपिढ्या माहितीचे. निदान नागपुरात होते. रोगाची साखळी मात्र सौंसरच्या एखाद्या मोहल्ल्यात असते. नियम असा की, रोगी जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या खाती त्याची नोंद पडावी आणि नागपूरने ती खबर मध्य प्रदेशाला तत्काळ कळवावी. नियम चोख आहे. तो ज्या एका शब्दावर उभा आहे तो म्हणजे केसपेपरावरचा पत्ता. आणि नागपुरातल्या मावशीचा पत्ता सांगितला की सगळे सोपे जाते, हे ज्ञान सीमेवरच्या प्रत्येक कुटुंबाला आहे. त्या एका सोयीपायी रोगाचे गावच बदलते.

त्यात हंगाम. गोवराचा जोर हिवाळ्याच्या उतरणीपासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत असतो, आणि मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणीला येतात. बागेतून बागेत फिरणारी मजुरांची कुटुंबे, त्यांची लहान मुले, यांना गावच्या यादीत घर-क्रमांक नसतो. आशा कार्यकर्ती घरे मोजते. बागेतली पाल ती मोजतेच असे नाही.

सीमेपलीकडे विखुरलेली चिन्हे एकत्र येण्यास उशीर लागला तर काय होते, याचा एक दाखला गोवराचा नव्हे, तरीही येथे दिला पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातील लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. त्यांपैकी कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत नेलेली होती. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. मध्य प्रदेशात त्या औषधावर बंदी आली ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर आणि नंतर मिळून वीसहून अधिक बालके गेली. आजार निराळा, कारण निराळे. पण एका भागातली मुले एकाच तऱ्हेने आजारी पडत आहेत हे कोणीतरी एका कागदावर मांडून पाहावे लागते, ही गरज तीच.

गोवरानेही अलीकडे पुरेसे इशारे दिले आहेत. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्तीत एकाच कुटुंबातली तीन बालके एक-दोन दिवसांच्या अंतराने दगावली, तेव्हा शहराला जाग आली. मग घरोघर शोध झाला आणि रोग्यांच्या याद्या वाढत गेल्या. मालेगाव, भिवंडीही त्यांत आली. कोविडच्या दोन वर्षांत चुकलेल्या मात्रांचे ते देणे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य प्रदेशातच, मैहर जिल्ह्यात, दोन मुले गोवराने गेली आणि काही गावांच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दोन्ही ठिकाणी मृत्यूने खबर दिली. निरीक्षणाचे यश तेव्हाच, जेव्हा खबर पुरळाने येते.

रुबेलाची गोष्ट आणखी अवघड. मुलाला तो होऊन गेल्याचे घरात कळतही नाही. दोन दिवस ताप, थोडे पुरळ, कानामागे गाठी. पण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो आईला झाला, तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांवर घाला येतो. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांना जन्मजात मोतीबिंदूची एकामागून एक बाळे दिसू लागली, आणि त्यांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाल्याचे ध्यानात आले. भारतात अशा जन्मदोषांची पद्धतशीर नोंद २०१६ पासून निवडक रुग्णालयांत सुरू झाली, त्यांत पुण्याचे केईएम रुग्णालय होते. येथे एक पेच आहे. लस अर्धवट दिली, तर लहानपणी होणारा रुबेला पुढे ढकलला जातो आणि नेमका लग्नाच्या वयात गाठतो. म्हणून एकदम पंधरा वर्षांपर्यंतच्या साऱ्यांना, मुलग्यांनाही, लस द्यावी लागली. ‘पोराला कशाला?’ असे विचारणाऱ्या बापाला याचे उत्तर मिळणे आवश्यक होते. ते नेहमी मिळाले असे नाही.

भारताने गोवर-रुबेलाच्या दूरीकरणासाठी २०२६ हे वर्ष घोषित केले. त्याआधी २०२० आणि २०२३ ही वर्षेही उद्दिष्ट म्हणून येऊन गेली होती. दूरीकरण म्हणजे देवीप्रमाणे समूळ नाश नव्हे. चांगले निरीक्षण चालू असताना सलग बारा महिने देशात रोगाची स्थानिक साखळी न आढळणे, असा त्याचा अर्थ आहे. व्याख्येतील ‘चांगले निरीक्षण चालू असताना’ हे शब्द वगळले तर डोळे मिटूनही उद्दिष्ट गाठता येईल. श्रीलंका, भूतान, मालदीव यांनी गोवराबाबत हा टप्पा गाठला. कॅनडाने १९९८ मध्ये गाठलेला हा दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावला, तेव्हा श्रीमंतीचाही येथे भरवसा नाही.

गोटमारीच्या दिवशी पांढुर्ण्यात रुग्णवाहिका उभ्या असतात, डॉक्टर नदीकाठी तंबू टाकतात आणि जखमी किती, त्यांतले नागपूरला हलवलेले किती, हा आकडा रात्रीपर्यंत पत्रकारांच्या हाती असतो. मोजण्याची क्षमता या गावात नाही असे कोण म्हणेल? पुरळ आलेल्या मुलांचा आकडा मात्र कोणी मागत नाही. आणि जी नर्सबाई तो आपण होऊन कळवते, तिलाच वरून प्रश्न येतो की तुमच्या गावात लसीकरण कमी कसे. ही रीत उरफाटी आहे. खबर देणाऱ्याला जाब विचारला की पुढच्या आठवड्यापासून शून्य येऊ लागते, आणि ते कोणत्या जातीचे शून्य असते हे सांगावयास नको.

या ग्रंथालयाच्या सभासदांत डॉक्टर आहेत, औषधांचे दुकानदार आहेत, शाळामास्तर आहेत, बागाईतदार आहेत. ताप आणि पुरळ असलेले मूल यांपैकी कोणालाही आधी दिसू शकते : दुकानदाराला, कारण आई अंगाला लावावयाचे औषध मागते, मास्तरांना, कारण एकाच वर्गातली तीन पोरे एका आठवड्यात गैरहजर राहतात, बागाईतदाराला, कारण तोडणीला आलेल्या बाईच्या कडेवर ते असते. अशा वेळी जवळच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावयाचे, मुलाचे मूळ गाव आणि तहसील खरीखुरी सांगावयाची, पुरळ कोणत्या तारखेला उठले ते विचारून ठेवावयाचे, आणि गेल्या पंधरवड्यात ते कोणत्या गावी मुक्कामाला होते तेही, मग ते गाव सीमेच्या अलीकडले असो वा पलीकडले.